कापडाचा वास आधी काढा, मगच सुईत दोरा ओवा

आपल्या बचतगटाच्या कार्यक्रमात आज गोधडीवर बोलायचं आहे. पण टाके, नक्षी, किनार हा आजचा विषय नाही. आजचा विषय आहे वास. बाजारातून गोधडीसाठी कापड आणलं, गाठोडं सोडलं आणि नाकाला पदर लावायची वेळ आली, असं आपल्यापैकी बहुतेकींना झालेलं आहे. हा वास कशाचा असतो, तो कसा काढायचा आणि कोणत्या वासाचं कापड घरातच आणायचं नाही, हे आज नीट समजून घेऊ.

विषय छोटा वाटतो, पण पैसा इथेच अडकतो. आमच्या प्रभागातल्या एका गटाने बाळांची दुपटी शिवून दिली. टाका एकसारखा, कोपरे बरोबर, रंग सुरेख. घेणाऱ्या बाईंनी घडी उघडली, नाकाशी नेली आणि सगळी दुपटी परत केली. त्या एवढंच म्हणाल्या, "हे मी बाळाला कसं पांघरू?" गटाने दुपटी दोनदा धुतली, उन्हात टाकली, तरी वास राहिला. कारण वास होता मधल्या थरात. वरून धुतलेलं पाणी तिथपर्यंत नीट पोहोचत नाही आणि पोहोचलं तर लवकर वाळत नाही. शेवटी शिवण उसवावी लागली.

म्हणून आजची मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगते. वास काढायचा तो कापड सुटं असताना. गोधडी शिवून झाली की वास तीन-चार थरांत कोंडला जातो.

नव्या कापडाला वास का येतो?

आपल्या आज्या गोधडी शिवायच्या जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची. बाळंतिणीच्या घरी तर नवं कापड पुढे केलं की म्हातारी ओरडायची, "लेकराले कोरं कापड नोको लावू व माय, जुनेरं आन!" आपल्याला वाटायचं, ही काटकसर आहे. काटकसर तर होतीच, पण शहाणपणही होतं. जुनेरं शंभर वेळा धुतलेलं असतं. त्याच्या अंगावर गिरणीचं काहीच उरलेलं नसतं. आता आपण विक्रीसाठी शिवतो, तेव्हा जुनी लुगडी पुरत नाहीत. आपण कटपीस आणतो, शिलाईच्या कारखान्यातली कतरण किलोवर घेतो, अस्तराला मांजरपाट घेतो. हे कापड कोरं असतं आणि कोऱ्या कापडावर बऱ्याच गोष्टी बसलेल्या असतात.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीला मागावर कापड विणतात तेव्हा उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. ही खळ मक्याच्या पिठाची असते, चिंचोक्याच्या पिठाची असते. पूर्वी गिरण्यांमध्ये खळीत जनावराची चरबीही घालत. मागाला तेल लागतं, त्याचे डाग कापडावर उतरतात. मग रंग, छपाई आणि शेवटी कापड कडक, चकचकीत दिसावं, चुरगळू नये म्हणून दिलेला लेप. त्यानंतर हे कापड ट्रकमध्ये, गोदामात, प्लास्टिकच्या गोणीत महिनोन्‌महिने पडून राहतं. पावसाळ्यात दमट होतं. आपल्याला येतो तो या सगळ्याचा वास.

घेताना नाक वापरा

खामगाव, मलकापूर, अकोला, कुठेही कापड घ्यायला जाल तेव्हा आधी गोणी उपसून तळातलं कापड हाती घ्या. वरचं कापड हवेवर असतं, त्याला वास कमी येतो. तळातली चिंधी दोन्ही तळव्यांत चोळा, तिच्यावर तोंडाची वाफ सोडा आणि मग वास घ्या. ऊब आणि ओलावा मिळाला की दडलेला वास वर येतो.

मोठी खरेदी असेल तर आधी वीतभर नमुना मागून आणा. स्वच्छ काचेच्या बरणीत दोन बोटं पाणी घाला. नमुना दोऱ्याने असा टांगा की तो पाण्याला टेकणार नाही. झाकण घट्ट लावून बरणी दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी झाकण उघडून हुंगा. हा काही माझ्या मनचा खेळ नाही. अमेरिकेतल्या वस्त्ररसायन तज्ज्ञांच्या संघटनेची एक चाचणी याच धर्तीची आहे. तिथे बाटलीत पाण्याच्या वर कापड टांगून ती ४९ अंश सेल्सिअसला २० तास ठेवतात आणि कापडातून किती रसायन पाण्यात उतरलं ते मोजतात. आपल्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण नाक आहे.

आणखी एक. कतरण किलोवर मिळते. सुती कापड कोरडं दिसत असलं तरी हवेतून आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं. गोदामातलं दमट कापड त्याहून जास्त धरतं. म्हणजे कुबट, ओलसर गाठोडं घेतलं तर आपण पाण्याचेही पैसे देतो आणि वरून बुरशी घरी आणतो.

कापड सुती आहे की नाही, तेही तिथेच बघा. एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. हे कळणं गरजेचं आहे. घामाचा, तेलाचा वास पॉलिस्टर धरून ठेवतं आणि सुती कापडासारखं ते उकळताही येत नाही.

वास ओळखा, मग उपाय करा

सगळ्या वासांना एकच औषध नाही. ताप कशाचा आहे हे बघूनच डॉक्टर गोळी देतात, तसं आधी वास ओळखायचा.

*आंबूस किंवा खवट वास.* हा खळीचा आणि चरबीचा वास. मांजरपाटाला हमखास येतो. असं कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. खळ फुगते, सुटते आणि पाणी गढूळ होतं. सकाळी ते पाणी टाकून द्या. उन्हाळ्यात यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका, नाहीतर खळ पाण्यातच सडते आणि वास दुप्पट होतो. मग मोठ्या गंजात पाणी तापवून धुण्याचा सोडा घाला. एक किलो पांढऱ्या मांजरपाटाला १० लिटर पाणी आणि ५० ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे. अर्धा तास उकळा, काठीने खाली-वर करा. चरबी आणि मागाचं तेल याच पाण्यात सुटतं. परीट भट्टी लावायचे तेव्हा हेच करायचे. रंगीत सुती कापड उकळू नका. त्याला कोमट पाणी आणि २० ग्रॅम सोडा पुरे.

*रॉकेलचा वास.* छापील कापडाला येतो. छपाईचा रंग दाट करायला छपाईखाने रॉकेल आणि पाण्याचं मिश्रण वापरत आले आहेत. हा वास उडून जाणारा असतो, त्यामुळे पाण्याआधी त्याला हवा द्या. कापड सुटं करून सावलीत, वाऱ्यावर, तीन-चार दिवस वलणीवर टाका. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. असं कापड चुलीजवळ, शेगडीजवळ वाळत घालायचं नाही. उबेने वास लवकर जाईल असं वाटतं, पण आगीशी खेळ नको.

*नाकाला, डोळ्यांना झोंबणारा वास.* गाठोडं सोडल्याबरोबर डोळ्यांत पाणी येतं, घसा खवखवतो. "इस्त्री लागत नाही", "चुरगळत नाही" असं सांगून विकलेल्या कापडाला हा वास असतो. कापड सरळ राहावं म्हणून जो लेप देतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचं रसायन बाहेर पडतं. त्याने काहींच्या अंगाला खाज येते, पुरळ येतं. वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांवरच्या अभ्यासांमुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. घाबरून जाऊ नका. एका गोधडीने असं काही होत नाही. पण बंद खोलीत बसून रोज आठ तास असं कापड कापणाऱ्या, शिवणाऱ्या बाईने मात्र काळजी घ्यायची. हे रसायन पाण्यात विरघळतं, म्हणून दोन-तीन धुण्यांनी बरंच कमी होतं. सारं जात नाही, कारण लेपातून ते हळूहळू सुटत राहतं. जपानमध्ये १९७३ च्या कायद्याखाली दोन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना याची मर्यादा जवळजवळ शून्यावर ठेवली आहे. आपणही तोच नेम करू. झोंबणारं कापड बाळाच्या दुपट्याला वापरायचं नाही.

*मासळीसारखा वास.* कोणी मासळी शिवलेली नसते, तरी ओलं केल्यावर कापडाला असा वास येतो. हाही त्याच लेपाच्या घराण्यातला, दमट गोदामात वाढणारा. इथे आंबट कामाला येतं. सोड्याच्या पाण्यात धुऊन, खळबळून, शेवटच्या एक बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर किंवा दोन लिंबांचा गाळलेला रस घाला. कापड २० मिनिटं बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. आपण मासळीच्या भांड्याला लिंबू चोळतो, त्यामागचं कारण हेच आहे. मासळीचा वास खारट जातीचा, तो आंबटाने मरतो. खळीचा आंबूस वास त्याच्या उलट, तो खाराने मरतो. एवढी एक जोडी लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं.

*सडक्या अंड्यासारखा वास.* हा काळ्या सुती कापडाला येतो. स्वस्तातला काळा रंग बऱ्याचदा गंधकाचा असतो. असं कापड वर्षानुवर्षं दमट जागी पडलं की त्या गंधकाचं थोडं थोडं आम्ल बनतं आणि धागा आतून कुजतो. म्हणून जुन्या साठ्यातलं काळं कापड घेताना आधी दोन्ही हातांनी ताणून बघा. टर्रकन फाटलं तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. मजबूत असेल तर सोड्याच्या कोमट पाण्यात धुवा. सोडा आम्ल मारतो, त्यामुळे वास जातो आणि कापडाचं आयुष्यही वाढतं.

*कुबट वास.* म्हणजे बुरशी. नुसतं पाणी मारून भागत नाही. पांढरं सुती असेल तर उकळा. रंगीत असेल तर साबणाच्या गरम पाण्यात धुवा, मग व्हिनेगरच्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. "वाळलंच आहे जवळपास" असं म्हणून घडी घातली की कुबट वास परत आलाच म्हणून समजा. काळे ठिपके पडले असतील आणि कापड विरलं असेल तर ते पोतेऱ्याला काढा, गोधडीत नको.

डांबरगोळीचा वास: इथे थांबा

आता जो वास सांगते, त्यावर कान द्या. घरातल्या ट्रंकेतली जुनी साडी, भांडेवालीकडून आलेले कपडे, दुकानातला ठेवणीतला माल, या सगळ्यांना डांबरगोळीचा वास असतो. आपल्याला तो ओळखीचा, काहींना तर आवडीचा. पण नवजात बाळाला तो घातक ठरू शकतो.

डांबरगोळी बहुतेक वेळा नॅप्थॅलीनची असते. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो. मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं आणि आपल्या देशातल्या काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण अधिक आहे. एरवी मूल ठणठणीत दिसतं. पण डांबरगोळीत ठेवलेल्या कपड्यात, पांघरुणात त्याला गुंडाळलं की लाल पेशी फुटायला लागतात आणि कावीळ वाढते. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते. अंगाला तेल लावलेलं असेल तर नॅप्थॅलीन कातडीतून आणखी सहज आत जातं. आपल्याकडे तर बाळाला तेलाने चोळायचं आणि लगेच दुपट्यात गुंडाळायचं, ही रोजची रीत आहे.

म्हणून नियम साधा ठेवा. डांबरगोळीचं कापड बाळाच्या दुपट्यात घालायचं नाही, ते कितीही धुतलेलं असो. नॅप्थॅलीन पाण्यात नीट विरघळत नाही, ते हवेत उडून जातं. त्यामुळे मोठ्यांच्या गोधडीसाठी असं कापड वापरायचं असेल तर आधी आठवडाभर हवेवर आणि उन्हात टाका, रोज उलटा, मगच गरम साबणपाण्यात धुवा. आणि तयार गोधड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पातळ फडक्यात बांधून ठेवा. कुणाच्या घरी तान्ह्याचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, दूध ओढणं कमी झालं, तर घरगुती उपाय न करता आशाताईला सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आपलं पाणी कसं आहे?

आता एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर, हा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं आणि जड. साबणाला फेस येत नाही, उलट पांढरट साका धरतो. तो साका कापडात बसतो आणि काही दिवसांनी त्याचाच वास येऊ लागतो. घाटावरच्या बाईने सांगितलेला उपाय घाटाखाली लागू पडत नाही, तो यामुळे.

अशा पाण्यात साबणाची वडी घासू नका. एक तर पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवा, पाच मिनिटं थांबा आणि मग साबणाची पावडर घाला. नाहीतर रिठा वापरा. जड पाण्यातही रिठ्याचा साका होत नाही. एका बादलीला १०-१२ रिठे फोडून, बिया काढून रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, गाळा. रंगीत आणि नाजूक कापडाला तर रिठाच चांगला. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी पहिल्या सरीनंतर पिंपात धरून ठेवलं तर शेवटच्या खळबळण्याला ते सर्वांत उत्तम.

सोड्याचं सांडपाणी परसबागेत सोडू नका. खारपाणपट्ट्यातली माती आधीच चोपण, तिला आणखी खार नको. ते शोषखड्ड्यात जाऊ द्या. नदी-नाल्यावर नेऊन तर अजिबात धुऊ नका, खालच्या गावची गुरं तेच पाणी पितात.

धुण्याची रीत

आधी रंग बघा. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग उतरला तर ते कापड वेगळं. लाल, निळं, काळं नेहमी वेगवेगळं भिजवा. रेशीम आणि लोकर सोड्यात घालू नका, त्यांना रिठा द्या.

लहान चिंध्या सुट्या धुतल्या की त्यांचे दोरे निघतात आणि सगळ्यांचा एकच गुंता होतो. जुन्या उशीच्या अभ्र्यात चिंध्या अर्ध्यापर्यंत भरा आणि तोंड बांधून तसाच अभ्रा धुवा. अर्ध्याच भरायच्या, म्हणजे पाणी आत खेळतं. मोठ्या तुकड्यांच्या कापलेल्या कडांना आधी मोठा धावदोरा घालून घ्या.

तीन पाण्यांतून खळबळा. शेवटच्या पाण्याला बुळबुळीतपणा नसावा. हाताला सोडा लागतो, कातडी फुटते, म्हणून रबरी हातमोजे घाला. नाहीतर काम झाल्यावर हात धुऊन खोबरेल लावा.

वाळवताना पांढरं उन्हात, रंगीत सावलीत आणि वाऱ्यावर, उलट्या बाजूने. वाळल्यावर लगेच घडी घालू नका. रात्रभर खोलीत मोकळं ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा हुंगा. सकाळी नाक ताजं असतं. घरातल्या दुसऱ्या कुणाकडूनही हुंगवून घ्या, कारण दोन दिवस त्याच वासात काम केलं की आपल्या नाकाला तो कळेनासा होतो. वास उरला असेल तर पुन्हा धुवा, पुढे जाऊ नका.

या धुण्याचा दुसरा फायदाही मोठा आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. १०० ला ५ आटलं तरी सात फुटी गोधडी चार इंच आखूड होते. वरचं कापड आटलं आणि अस्तर नाही आटलं, तर गोधडीला फुगे येतात आणि ग्राहक म्हणतो, शिवण वाईट. धुऊन शिवलेली गोधडी ग्राहकाच्या घरी जशीच्या तशी राहते.

हे करू नका

अत्तर, उदबत्ती, धूप, सेंट मारून वास झाकू नका. दोन दिवसांत सुगंध उडतो आणि खालचा वास तसाच वर येतो. कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव्यही यात नको. ते कापडावर लेप देतं, म्हणजे आधीच्या लेपावर आणखी एक लेप.

सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि कापडाला काहीच मिळत नाही. आधी सोडा, मग साधं पाणी, मग आंबट, हा क्रम ठेवा.

ब्लीचिंग पावडर रंगीत कापडाला लावू नका. आणि ब्लीचिंगमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. कापडाचा वास घालवता घालवता जीव धोक्यात घालायचा नाही.

धुण्याची मजुरी किमतीत धरा

आता हिशोबाचं बोलू. गटाच्या वहीत कापड, दोरा, शिलाई हे सगळं लिहितो, पण धुणं कुणी लिहीत नाही. जणू बाईने धुतलं म्हणजे ते फुकटच. समजा, १० किलो कापड धुतलं आणि त्यात चार गोधड्या झाल्या. सोडा, साबण, सरपण मिळून ६० रुपये लागले. दोघी जणी अर्धा दिवस राबल्या, त्यांची मजुरी प्रत्येकी १५० धरली तर ३०० रुपये. एकूण ३६०, म्हणजे एका गोधडीमागे ९० रुपये. हे ९० रुपये किमतीत धरले नाहीत तर ते आपल्याच खिशातून जातात. ग्राहकाला सांगायला लाजू नका: "कापड तीन पाण्यांतून धुऊन, वाळवून मग शिवलं आहे. आटणार नाही, वास येणार नाही." गोधडीला चिठ्ठी लावता तिथे हे वाक्य लिहा. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात शेजारच्या दहा दुकानांत गोधड्या असतात, तिथे हे वाक्य विक्री करतं. पण लिहायचं ते खरं असेल तरच.

पाण्याचाही हिशोब हवा. १० किलो कापडाला भिजवणं आणि तीन खळबळणी धरून ४०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. आपल्याकडे वैशाखात कित्येक गावांना टँकर येतो, तेव्हा हे परवडत नाही. म्हणून कापडाची खरेदी आणि धुणं दोन वेळा नेमून घ्या. एक पावसाळा सरल्यावर, नवरात्राआधी आपण घरातल्या गोधड्या धुतो तेव्हा. विहिरीला पाणी असतं आणि ऑक्टोबरचं ऊनही कडक असतं. दुसरी संक्रांतीनंतर, पाणी आटायच्या आत. एका खेपेचं शेवटचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या भिजवणीला वापरा, शंभर लिटर तिथेच वाचतात.

धुतलेलं कापड जुन्या स्वच्छ सुती साडीत बांधून फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जमिनीवर नको. गाठोड्याला चिठ्ठी लावा: कधी धुतलं, कशाने धुतलं, बाळाच्या दुपट्याला चालेल की नाही. ही शेवटची खूण विसरू नका. शिवणारी बाई वेगळी आणि धुणारी वेगळी असते, तेव्हा ती चिठ्ठीच बोलते.

तायांनो, पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्याकडच्या कापडाचा एक वीतभर तुकडा आणावा. सगळ्या मिळून हुंगू, कोणता वास कशाचा ते ओळखू आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू. एका गटाला कळलेली गोष्ट दुसऱ्या गटाला फुकट मिळावी, यासाठीच तर आपण एकत्र येतो. तोवर आणलेलं कोरं कापड भिजत घाला, सुई दोन दिवसांनी हाती घ्या.